खताचा रकाना

३ मार्च, मंगळवार

काल लिहिलेल्या पानात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरताना पाहुणीने नाकाला रुमाल लावला, असं मी लिहिलं. रुमाल मी लावला होता आणि दारातच थांबले होते. पाहुणी तशीच आत गेली, पिंजऱ्यांच्या रांगेतून थेट शेवटपर्यंत. परत आली तेव्हा तिच्या केसांत एक पीस अडकलं होतं. ते तिला शोभत होतं, हेही मी काल लिहिलं नाही.

खोटं लिहायचं असं ठरवून लिहिलं नव्हतं. लिहिताना मला ते खरंच तसं आठवलं. त्याचीच जास्त भीती वाटते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासते म्हणून कार्यालयात मला 'मास्तरीण' म्हणतात, आणि कालचा रुमाल कोणाच्या नाकावर होता हे मला स्वतःच्या वहीत नीट लिहिता येत नाही.

त्याच पानात आणखी एक चूक आहे. ती मोठी आहे. आज नाही लिहिणार.

५ मार्च, गुरुवार

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमनी आम्हा दोघींना समोर बसवून काम पुन्हा समजावलं. एक किलो अंडी तयार होताना हवेत किती हरितगृह वायू जातात, ते दोन देशांसाठी काढायचं आणि शेजारी शेजारी मांडायचं. आपला देश माझ्याकडे, समुद्रापलीकडचा पाहुणीकडे. चार मोठे रकाने: कोंबड्यांचं खाद्य, शेडची वीज, वाहतूक आणि खत, म्हणजे कोंबड्यांची विष्ठा. त्यावरचा शोधनिबंध तेवीस तारखेला दुपारी बाराच्या आत पाठवायचा.

"पहिलं नाव एकीचंच येणार," मॅडम म्हणाल्या. "जिचं पहिलं, ती तिकडच्या परिषदेत जाऊन मांडेल. तिकडे तीन वर्षांची एक जागाही आहे, ती बहुधा तिलाच मिळेल. सोळा तारखेच्या बैठकीनंतर ठरवू."

"चालेल," पाहुणी म्हणाली. चहा घेणार का असं कोणी विचारल्यासारखं.

पाहुणी हे नाव मी ठेवलं आहे आणि या वहीबाहेर ते कोणाला माहीत नाही. ती दुसऱ्या संस्थेतून सहा महिन्यांसाठी आली, म्हणून पाहुणी. आली तेव्हा तिला बसायला जागा नव्हती. मी चांगुलपणाने भिंतीकडे सरकले, तर माझी खिडकी तिच्याकडे गेली ती गेलीच. कानामागून आली आणि तिखट झाली. तिचे वडील प्राध्यापक, आजोबाही प्राध्यापक. जेवणाच्या सुट्टीत ती वडिलांना फोन करते आणि आलेखांवर बोलते. "नाही हो बाबा, तो उतार तसा नाहीये," असं काहीतरी. माझे बाबा पंक्चर काढतात. मी त्यांना आलेख दाखवला, तर ते म्हणाले, "रेघ छान सरळ आलीय," आणि त्यांना खरंच आनंद झाला होता.

माझा आकडा आज दोन पूर्णांक तीन आला. एक किलो अंड्यांमागे दोन किलो तीनशे ग्रॅम. तिचा दोन पूर्णांक एक. म्हणजे तिच्या कोंबड्यासुद्धा माझ्या कोंबड्यांपेक्षा सभ्य.

निघताना ती म्हणाली, "तुझा खताचा रकाना पक्का आहे ना गं?"

"मॅनेजरनं सही करून दिलाय."

"हं," ती म्हणाली.

त्या 'हं'मध्ये काय होतं ते मी घरी येईपर्यंत उलटून पालटून पाहत होते. स्वतःचा आकडा खाली आहे तरी पुरेसं नाही, माझा हलवायचा आहे तिला.

७ मार्च, शनिवार

आता ती दुसरी चूक.

सोमवारच्या पानात मी लिहिलं आहे: 'अंडी निवडणाऱ्या एका बाईशी पाहुणी बोलत बसली आणि सगळ्यांचा अर्धा तास फुकट घालवला.' ती एक बाई म्हणजे माझी आई.

आई त्या पोल्ट्रीत एकवीस वर्षं आहे. लांब टेबलापाशी बसते. मोठं, मध्यम, लहान, तडा गेलेलं, असे चार ट्रे. हातात घेतल्याबरोबर तिला कळतं, काट्यावर ठेवावं लागत नाही. यादीत त्या पोल्ट्रीचं नाव आलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझ्या बारा पोल्ट्र्यांत ती सर्वात मोठी, माझ्या हिशेबातली निम्मी अंडी तिथली. मी सांगितलं नाही. प्रत्येक पोल्ट्रीत आम्ही माहितीचा जो अर्ज भरतो त्यावर शेवटी एक रकाना असतो, 'माहिती देणाऱ्याशी नातं'. आई म्हटलं असतं तर माहिती निष्पक्ष राहिली नसती, असं कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी मनात एवढंच होतं की आईच्या बाहीवर बलक वाळला होता आणि माझ्या शेजारी पाहुणी उभी होती.

आईने मान वर करून मला पाहिलं. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मॅनेजर सांगत होता आणि मी लिहीत होते. "खत किती दिवसांनी काढता?" "लिहा, रोज." तेवढ्यात टेबलाकडे अंडं फुटल्याचा आवाज झाला. आईच्या हातून अंडं पडत नाही. मला पाहून ती गोंधळली असणार. त्याचंही पाप माझ्याच माथी.

त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "आज तुमची माणसं आली होती आमच्याकडे."

तुमची माणसं. जणू मी त्यांच्यात नव्हतेच.

"हो का," मी म्हणाले.

तडा गेलेली चार अंडी तिने आणली होती, नेहमी आणते तशी. त्या अंड्यांवर मी वाढले. त्या दिवशी मी भूक नाही म्हणाले. बाबांनी माझं खाल्लं आणि विचारलं, "कोंबड्या हवेत काय सोडतात ते मोजायला खरंच पगार देतात? मग आमच्या शेजाऱ्यालाही मोजा एकदा."

आई हसली. मीही हसले. ती माझ्याकडे न बघता हसत होती.

१० मार्च, मंगळवार

पाहुणीकडे तपकिरी पुठ्ठ्याची एक वही आहे. संगणकावर सगळं असताना ती त्यात हाताने लिहिते. पोल्ट्रीतही तीच होती तिच्या हातात. मी जवळ गेले की मिटते. माझ्याविरुद्ध काहीतरी साठवते आहे.

चहावाले काका तिच्या कपात जास्त चहा ओततात. मी मोजलं नाही, पण दिसतं. तिला साधा सदराही चांगला दिसतो. ती हसते तेव्हा तोंडावर हात ठेवत नाही. असल्या गोष्टी लिहून ठेवणारी मी कोण झाले आहे, कळत नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही दुसऱ्या नंबराच्या मुलीची पिशवी मला हवी होती, हे खरं.

आज तिने सहज विचारलं, "तुझी आई काय करते?"

"घरीच असते."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी आई घरी कधीच नसते," आणि पुन्हा कामाला लागली.

बढाईच ती. आई इतकी मोठी की घरी असायला वेळ नाही.

१२ मार्च, गुरुवार

सापडलं.

ती जेवायला गेली असताना मी तिचा तक्ता उघडला. चोरून नाही. तक्ते सामायिक आहेत, कोणीही कोणाचे उघडावेत असाच नियम आहे. तरी माझे कान दाराकडे होते.

तिच्या देशातल्या कोंबड्या सोयाबीनची पेंड खातात आणि ती पेंड तिसऱ्याच देशातून येते. तिथे जंगल तोडून सोयाबीन लावतात. त्या तोडीतून जो वायू जातो तो तिने धरलेलाच नाही. जुना तक्ता वापरला आहे, त्यात तो रकानाच नव्हता. मी तो धरून पाहिला. दोन पूर्णांक एकचे दोन पूर्णांक सहा झाले. तीनदा केलं, तिन्ही वेळा दोन पूर्णांक सहा.

म्हणजे आपली अंडी हलकी, त्यांची जड.

ती जेवून आली, माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवलं आणि म्हणाली, "गोड आहे." मी थँक्यू म्हणाले. सोयाचं सांगितलं नाही. अजून चार दिवस आहेत. सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगेन. चूक ती चूक, कधीही सांगितली तरी खरीच राहते.

संत्रं मी खाल्लं. गोड होतं.

१६ मार्च, सोमवार

बैठक झाली. पाहुणीने पडद्यावर तिचे आकडे दाखवले, ओघवतं बोलली. मॅडम मान डोलावत होत्या. मग मी हात वर केला.

माझा आवाज कापत होता, पण आकडे कापत नव्हते. जंगलाचं सांगितलं, नवा तक्ता दाखवला, दोन पूर्णांक सहा म्हणाले. खोलीत कोणीतरी "अरे वा" म्हणालं. पाहुणीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने दोन मिनिटं कागद पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे. माझं राहिलं." बास. मी कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी तशीच राहिली.

मॅडम म्हणाल्या, "मास्तरीण ती मास्तरीण. पहिलं नाव तुझं."

घरी सांगितल्यावर बाबांनी दुकानाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि शेजाऱ्याला सांगून आले की मुलगी समुद्रापलीकडे कोंबड्यांवर भाषण द्यायला चालली आहे. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या तळहातांना अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्याचा वास येतो. तीन वर्षं हा वास येणार नाही, असं वाटलं आणि त्याचं बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

पाहुणी रागावली आहे. तशी बोलते, पण संत्रं वगैरे नाही. जिन्यात मला गाठून म्हणाली, "सोयाचं तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारीच सांगायचंस ना. मी तुझ्याशेजारीच बसते."

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि वळून म्हणाली, "खताचा रकाना एकदा परत बघ. तेवीसच्या आत. मॅनेजर सोडून दुसऱ्या कोणालातरी विचार."

जळते. पहिलं नाव गेलं म्हणून जळते. जळणं कसं दिसतं ते मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

१९ मार्च, गुरुवार

आई आज डोळे पुसत घरी आली. लालभडक झाले होते.

"डोळ्यांना काय झालं?"

"आज खत काढलं. वर्षातून दोनदाचं आहे हे."

"खत रोज काढतात."

"कोण म्हणतं?"

"तुमचा मॅनेजर."

"तो काय, विचारलंस तर कोंबड्या रोज आंघोळ करतात म्हणूनही सांगेल." तिने तोंडावर पाणी मारलं. "सहा-सहा महिने खालीच साठतं ते. वरच्या पाण्याच्या नळ्या गळतात, मग ओलंच राहतं सगळं. पाय ठेवलास तर घोट्यापर्यंत आत जाईल. काढायच्या दिवशी असा काही वास सुटतो की समोरचं अंडं दिसत नाही. तो तुला 'लिहा, रोज' म्हणाला ना, तेव्हा माझ्या हातातलं अंडं पडलं. एकवीस वर्षांत पाच पडली असतील."

मी खाली बसले.

"तुझ्या त्या मैत्रिणीला सांगितलं की मी हे. ती शेवटपर्यंत जाऊन वाकून बघूनही आली. सगळं वहीत लिहून घेतलं तिनं. फार नीट विचारते गं मुलगी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाबा दारातून म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

आता जे आठवतं ते लिहिते. मी शाळेत असताना वर्षातून दोनदा आईचे डोळे असे व्हायचे. एकदा परीक्षेच्या सुमारास, एकदा नव्या वह्या आणायच्या सुमारास. मी फडकं गार पाण्यात भिजवून तिच्या डोळ्यांवर धरायचे आणि पाढे म्हणायचे. वर्षातून दोनदा. हा माझ्याकडचा सर्वात जुना आकडा आहे. आणि अर्जात मी 'रोज' लिहिलं.

आजही फडकं भिजवून धरलं. पण खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या मनात खत नव्हतं. आईने तिला सांगितलं, हेच होतं. अर्धा तास. माझ्या आईशी.

२० मार्च, शुक्रवार

पाहुणीला म्हणाले, "तुझी वही दाखव."

तिने काही न विचारता उघडून दिली. दोन मार्चचं पान. सगळं होतं, आईच्याच शब्दांत: साठलेलं खत, गळक्या नळ्या, घोट्यापर्यंतचा पाय. 'कोणाकडून कळलं' या ओळीपुढे लिहिलं होतं, 'अंडी निवडणाऱ्या बाई.' त्याखाली एक ओळ खोडलेली होती. नीट पाहिलं तर वाचता येत होती: 'बहुतेक हिची आई. हिनेच सांगावं.'

"कसं कळलं?"

"तू कागदाकडे बघत होतीस आणि त्या तुझ्याकडे. अर्धा तास बोलल्या माझ्याशी, पण डोळे तुझ्यावर. आणि जाताना म्हणाल्या, तिला सांगा, दुपारचं वेळेवर खात जा म्हणावं."

"मग सोमवारी बैठकीत का नाही बोललीस? मी तुझं सगळ्यांसमोर काढलं."

"बोलणार होते," ती म्हणाली. "तू सोयाचं काढलंस तेव्हा तोंडावर आलं होतं. मग म्हटलं, तेवीसच्या सकाळपर्यंत थांबू. तू नसतं सांगितलंस तर मी सांगणारच होते, असं नको समजूस की मी फार चांगली आहे."

ती चांगली नाही हे तिच्या तोंडून ऐकूनही मला काही दिलासा मिळाला नाही. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "माझा सगळा आकडा छापील कागदांतून आलाय. त्या देशात मी एकही शेड पाहिलेलं नाही. मला घरी असं सांगणारं कोणी नाही गं."

प्राध्यापकांच्या घरात कोण काय सांगत नसेल. ती असं का म्हणाली कळलं नाही, पण जसं म्हणाली तसं लिहून ठेवते.

२१ मार्च, शनिवार

आईला समोर बसवून नवा अर्ज भरला. अडीच तास लागले. तिला मी 'तुम्ही' म्हणू का 'तू' ते कळेना, अर्जावर सगळे प्रश्न 'आपण'मध्ये आहेत.

"आपण या ठिकाणी किती वर्षं काम करता?" मी वाचलं.

"आपण एकवीस," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग सरळ बसली आणि एकदाही अडखळली नाही. ओलं खत कुठून कुठपर्यंत, किती खोल, कोणत्या महिन्यात किती, तडा गेलेली अंडी दिवसाला किती. मी वर बघायचे तेव्हा ती माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत असायची.

"मॅनेजरला कळलं तर?" मी विचारलं. "नाव छापत नाहीत, नुसता क्रमांक येतो. तुझा तेरा. अर्ज मॅडमच्या कपाटात राहतो. तरी पण."

"तरी पण काय. माझ्याएवढी भरभर अंडी निवडणारी दुसरी मिळाली तर खुशाल ठेवू दे त्याला."

खाली तो रकाना आला. 'माहिती देणाऱ्याशी नातं.' मी 'आई' लिहिलं. तिला अक्षरं लागत नाहीत, पण तेवढा शब्द ती ओळखते.

दुपारी हिशेब केला. साठलेलं ओलं खत रोज काढलेल्या खताच्या कितीतरी पट वायू सोडतं; फक्त एका पोल्ट्रीचा रकाना बदलला आणि दोन पूर्णांक तीनचे दोन पूर्णांक नऊ झाले. तिचे दोन पूर्णांक सहा. माझी अंडी जड, तिची हलकी. उरलेल्या अकरांतही आठ ठिकाणी मॅनेजरनेच 'रोज' म्हटलं आहे. तिथेही परत जावं लागेल, तोवर निबंध जाऊ नये. पहिलं नाव तर जाईलच. समुद्र, परिषद, तीन वर्षं. आणि बाबांनी शेजाऱ्याला सांगून झालंय.

चारदा केलं. चारही वेळा दोन पूर्णांक नऊ.

२२ मार्च, रविवार

कागद पिशवीत भरले आहेत: दोन्ही अर्ज, जुना आणि नवा. जुना फाडलेला नाही. तो मॅडमना तसाच द्यायचा, माझ्या अक्षरातल्या 'रोज'सकट.

मॅडमना जे सांगायचं ते क्रमाने ठरवलं आहे. खताचा रकाना चुकला. मॅनेजरचं ऐकलं. आत जाऊन पाहिलं नाही, दारात रुमाल लावून उभी होते. पाहुणीचं टिपण पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. हे शेवटचं वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. तीनदा घशात अडकलं, चौथ्यांदा निघालं.

आईला मॅडम काही विचारतील म्हणून तिलाही चल म्हणाले. तिने मुकादमाकडे सकाळची सुट्टी सांगून टाकली आहे. एकवीस वर्षांत तिसरी. बाबा म्हणाले, "कोंबड्यांच्या बाजूची साक्षीदार." मग म्हणाले, "शेजाऱ्याचं मी बघतो."

एकच काळजी आहे, ती लिहिते, नाहीतर पुन्हा चुकीचं लिहिल्यासारखं होईल. आई आत आली की पाहुणी खिडकीजवळची खुर्ची तिला देईल, आणि दोघी बोलत बसतील, आणि आई हसेल. मला ते अजून सहन होणार नाही. म्हणून मी आईला फाटकापासून हात धरून आत नेणार आहे, आणि पाहुणी काही बोलायच्या आत तिला सांगणार आहे की ही माझी आई. ते आधी. आकडा नंतर.

मॅडम साडेनऊला येतात, निबंध बाराला जातो.

उद्या, सोमवार, २३ मार्च, सकाळी साडेनऊ.